शेंबडावर काम करणारी सून

हर्षला,

आज सकाळी खोकल्याची नेहमीची उबळ आली आणि मी बेसिनकडे न जाता फ्रिजकडे गेले. दार उघडून उभी राहिले. वरच्या कप्प्यात दुधाच्या पिशव्या, कोथिंबीर, कालची आमटी. तुझा झाकणाचा कप नव्हता. तो आता कोण ठेवणार? बाहेरच्या खोलीतून निखिल म्हणाला, "आई, फ्रिजचं दार उघडं राहिलंय." मी म्हटलं, "हो रे, लावते." मी काय शोधत होते ते त्याला सांगितलं नाही. हल्ली तुझ्याविषयी त्याला फारसं ऐकवत नाही.

तुझं बारावं झालं. पाहुणे गेले, भाड्याच्या खुर्च्या गेल्या. आलेल्यांपैकी निम्म्यांनी मला हलक्या आवाजात विचारलं, "ती नक्की करायची काय हो?" मी प्रत्येकाला "लॅबमध्ये होती" एवढंच सांगत राहिले. एक बाई म्हणाल्या, "म्हणजे रक्त तपासायची?" त्यावरही मी मान हलवली. तू असतीस तर तिथल्या तिथे माझी शिकवणी घेतली असतीस. महापालिकेच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईला तू जेवढं रागे भरलीस, तेवढं माझ्या एकाही मुख्याध्यापकाने भरलं नाही. म्हणून बसले लिहायला. ते तुला सांगायचं आणि आणखीही काही सांगायचं राहिलंय.

तुमच्या लग्नाचं जेवण आठवतं? माझ्या नणंदेने तुला विचारलं होतं, "सूनबाई, नोकरी खंय?" तू तोंड उघडायच्या आत मी घाईघाईने म्हटलं, "सायंटिस्ट आहे ती. मरोळला, मोठ्या कंपनीत." तू हातातली वाटी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "मोठी नाही हो आत्या, एमआयडीसीतला एक गाळा आहे. मी शेंबडावर काम करते." नणंदेचा घास हातातच राहिला. तिने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणता गो ही?"

घरी आल्यावर मी तुला स्वयंपाकघरात गाठलं. "चारचौघांत शेंबूड म्हणायची काय गरज होती?"

"मग काय म्हणू?"

"प्रथिनावर काम करते म्हण. प्रोटीन म्हण."

"ते प्रोटीन शेंबडातलंच असतं ना, आई."

असं आपलं सुरू झालं. आमची माणसं मालवणकडची, सासरे गिरणीत, नवरा गिरणीत, मी शिकले म्हणून शिक्षिका. तू वेसाव्याची, तुझी आई बाजारात मासे विकणारी, वडील तू कॉलेजात असतानाच गेलेले. विलेपार्ल्याच्या कॉलेजात शिकलीस, तिथून निखिलच्या ओळखीत आलीस. पहिल्यांदा तुमच्या घरी आले तेव्हा मी तुझ्या आईला "अहो विहीणबाई" म्हटलं. त्यांनी पाट पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "ये गो मास्तरीण, बस." मला तो "गो" टोचला होता. परत येताना निखिलला मी म्हणालेही, "पहिल्याच भेटीत एकेरीवर?" तो म्हणाला, "त्या सगळ्यांनाच तसं बोलतात, आई. डॉक्टरलासुद्धा."

माझ्या छातीचं दुखणं तू या घरात यायच्या आधीपासूनचं. श्वासनळ्या आतून सैल पडल्यात असं डॉक्टर सांगतात. त्यामुळे रोज सकाळी कफ पडतो, थोडाथोडका नाही. मला त्याची फार लाज वाटायची. बाथरूमचं दार लावून, नळ मोठा सोडून मी खोकायची, म्हणजे घरात आवाज जाऊ नये. एका सकाळी दार उघडलं तर तू समोर उभी, हातात निळ्या झाकणाचा कप.

"आई, तुम्ही रोज नळाखाली जे वाहवून टाकता ना, ते मला विकतसुद्धा मिळत नाही."

"शी! काय बोलतेस सकाळी सकाळी?"

"खरं सांगतेय. अख्ख्या मुंबईत मला रोज ताजा कफ देणारं माणूस सापडत नाहीये, आणि इथे घरात वाया चाललाय."

मी आठवडाभर बोलले नाही तुझ्याशी. मग एक दिवस मीच विचारलं, "दिला तर त्याचं करणार काय?" तू लगेच नाही सांगितलंस. आधी एक कागद आणलास सहीला. घरातल्या माणसाचं सही-संमतीशिवाय घ्यायचं नाही, नियम सगळ्यांना सारखा, म्हणालीस. मी चष्मा लावून तो कागद सगळा वाचला आणि त्यातल्या मराठीच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून तुझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तू तो नवीन छापून आणलास, चुका काढून. मग मी सही केली.

आणि मग तू मला खुर्चीवर बसवून धडा शिकवलास. तो मला अजून पाठ आहे. कफ ओघळून जात नाही, ताणला जातो, तो त्यातल्या एका लांबलचक प्रथिनामुळे. म्युसिन. नाकात, घशात, फुप्फुसात, पोटात, सगळीकडे त्याची भावंडं असतात आणि आतली नाजूक कातडी ती सांभाळतात. पण नको त्या जागी दिसली, की डॉक्टर सावध होतात. एखादी गाठ मुळात कुठून उगवली, ते त्यावरून कधी कधी कळतं. अडचण एवढीच, की ते प्रथिन नुसतं बघून दिसत नाही. त्याला शोधायला असं काहीतरी लागतं जे फक्त त्यालाच जाऊन चिकटेल, दुसऱ्या कशाला नाही. ती अँटिबॉडी. माणसाच्या कफातलं ते प्रथिन उंदराला टोचायचं. उंदराचं शरीर त्याला परकं समजून अँटिबॉडी तयार करतं. मग त्या उंदराच्या पेशी काढून बाटल्यांमध्ये वाढवायच्या. प्रत्येक पेशीची अँटिबॉडी वेगळी. त्या ढिगातून बरोबर ओळखणारी एक निवडायची.

"आणि उंदराचं काय होतं?" मी विचारलं होतं.

तू कपाचं झाकण फिरवत राहिलीस. मग म्हणालीस, "मरतो."

ज्या दिवशी ते काम असायचं, त्या दिवशी तुझा डबा भरलेलाच परत यायचा. मला कळायचं. मी विचारायची नाही, रात्री नुसता मऊ भात करायची.

तर अशी मी तुझ्या लॅबला कफ पुरवू लागले. फ्रिजवरून भांडण झालं, ते वेगळं. देव शेजारी आणि फ्रिजमध्ये हे, मला कसं चालावं? तू घट्ट झाकणाचा वेगळा डबा आणलास, त्यात कप, मागच्या कोपऱ्यात. मग चाललं. खरं सांगू? मला ते आवडायला लागलं. ज्या गोष्टीची इतकी वर्षं लाज बाळगली, ती कुणीतरी बर्फात घालून जपून घेऊन जात होतं. मी नळ सोडणं बंद केलं.

दीडेक वर्षाने तू एक दिवस धावतच घरात आलीस आणि चपला न काढता मोबाईल माझ्या नाकासमोर धरलास. पांढऱ्या फोटोवर तपकिरी डाग.

"हा तुमचा कफ. आणि ही माझी अँटिबॉडी. बघा कशी चिकटलीय!"

"एवढंच?" मी म्हटलं. "चहा सांडल्यासारखं दिसतंय."

"आई, हा चहा सांडायला मला दीड वर्ष लागलं!"

आपण पेढे आणले. कंपनीत सगळे खूश होते. विकायच्या बाटल्यांवरची लेबलं छापायला गेली. तुझ्या साहेबांनी, तू त्यांना "सर" म्हणायचीस, तुला त्या विभागाची प्रमुख करायचं कबूल केलं. मी नणंदेला फोन करून सांगितलं, आणि या वेळी मी स्वतः "शेंबूड" शब्द वापरला.

त्यानंतर तुझी आई डोळे तपासायला म्हणून दोन दिवस आपल्याकडे आली. येताना सर्दी-खोकला घेऊन आली. तू तिच्यापुढेही कप धरलास. ती म्हणाली, "घे गो, माजे काय पैसे पडतान?" आणि भरून दिला. तो तू स्वतःच्या हाताने मरोळला नेलास, काचपट्टीवर पसरून तपासलास, आणि काच कोरी निघाली. डाग नाही. तुझ्या आईच्या कफात ते प्रथिन नाहीच, असं तुझी अँटिबॉडी सांगत होती.

सर म्हणाले, नमुना खराब झाला असेल. आधीही काही काचा अशा कोऱ्या निघाल्या होत्या, तेव्हाही सगळे तसंच म्हणाले होते. पण हा नमुना तुझ्या आईचा होता. त्या संध्याकाळी तू जेवायला बसलीस आणि पहिला घास घ्यायच्या आत मला विचारलंस, "आई, तुमचा रक्तगट कुठला?"

"ए."

"माझ्या आईचा ओ," तू म्हणालीस आणि ताट दूर सरकवलंस.

मला काही कळलं नाही. निखिललाही नाही. नंतर तू समजावलंस. त्या प्रथिनाच्या अंगावर साखरेचे बारीक तुरे असतात. ए गटाच्या माणसांच्या तुऱ्याला एक साखर जास्तीची असते, रक्तातही असते आणि कफातही. तुझी अँटिबॉडी प्रथिन ओळखतच नव्हती. ती माझ्या रक्तगटाची साखर ओळखत होती. दुसऱ्या दिवशी तू ए गटाच्या रक्ताचा थेंब घेऊन बघितलंस, ती तिथेही जाऊन बसली. संपलं. उद्या ओ गटाच्या कुणा आजारी माणसाची काच कोरी दिसली असती आणि डॉक्टरने म्हटलं असतं, इथे काही नाही.

बाटल्या विक्रीला बाहेर पडायच्या बेतात होत्या. तू सगळ्या कंपनीच्या बैठकीत, सरांसमोर, विक्रीवाल्यांसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस की ही विकता येणार नाही, ही चुकीची आहे, आणि ही मी बनवलीय.

कुणी तुला काढलं नाही. पण प्रमुखपद दुसऱ्याला गेलं आणि तुला पॅकिंगला टाकलं. डॉक्टरेट घेतलेली माझी सून थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या भरत होती. त्याच वर्षी तुला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि तेही टिकलं नाही. तू चार दिवसांत कामावर निघालीस. मी दार अडवून उभी राहिले. "घरी बसले तर सगळे येऊन माझं तोंड बघतील, आई," तू म्हणालीस. "खोकी बघत नाहीत." मी बाजूला झाले. त्या विषयावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. तुझ्या डब्यात मी त्या महिन्यात रोज काहीतरी गोड घालायची, तेवढंच.

आपलं खरं भांडण त्या बैठकीवरून होतं. ते कधी मिटलं नाही.

माझं म्हणणं असं, की खरं बोललीस ते बरोबरच. पण ते केबिनमध्ये जाऊन, दार लावून सांगायचंस. साहेबाची चारचौघांत मान खाली गेली, म्हणून तुझ्यावर ही वेळ आली. तू म्हणालीस, "सगळ्यांसमोर विकायचं ठरत होतं, मग सगळ्यांसमोरच नको का सांगायला? तुमच्या वर्गात एखाद्या मुलाने फळ्यावरची चूक दाखवली, तर तुम्ही त्याला काय सांगता, स्टाफरूममध्ये ये?"

"मी त्याला आधी हात वर करायला लावते."

"केला होता हात वर," तू म्हणालीस. "कुणी बघितला नाही."

पण मी हार मानली नाही. पुढची कितीतरी वर्षं, भाजी निवडताना, टीव्ही बघताना, मधेच मी म्हणायची, "तरीपण केबिनमध्ये सांगायला हवं होतंस." आणि तू मटार सोलता सोलता, मान वर न करता, "नाही हं" म्हणायचीस. निखिल म्हणायचा, "चालू झालं तुमचं."

पॅकिंगमध्ये असतानाच तू सरांकडून परवानगी काढलीस आणि जुन्या गोठवलेल्या पेशींतून एक बाहेर काढलीस. ती आधी टाकून दिलेली, कारण तिचा डाग फार फिका यायचा. हिची अँटिबॉडी साखरेकडे ढुंकून बघत नव्हती. प्रथिनाचं एक टोक उघडं असतं म्हणे, तिथे जाऊन चिकटत होती. फक्त ते टोक दिसावं म्हणून काचा आधी उकडून घ्याव्या लागत. तुम्ही लॅबसाठी आपल्या घरातल्यासारखाच कुकर घेतलात. "शिट्ट्या किती?" मी विचारलं. तू इतकी हसलीस की खाली बसलीस. पॅकिंगला गेल्यापासून तू अशी हसली नव्हतीस.

ती बरोबर निघाली. माझ्या कफावर डाग, तुझ्या आईच्या कफावर डाग, तुझ्या, निखिलच्या, न पाहिलेल्या किती लोकांच्या. सगळीकडे तसाच, जरा फिका, पण आहे. ती बाजारात गेली. देशात, देशाबाहेर, कुठल्या कुठल्या इस्पितळांत लोक ती वापरतात. बाटलीवर एक नंबर आहे. तुझं नाव नाही. मी त्यावरूनही कुरकुर केली होती. तू म्हणालीस, "नाव कशाला, बरोबर ओळखते ना?" नंतर तुला विभागाचं प्रमुखपदही मिळालं, पण पेढे आणायला आपल्या दोघींपैकी कुणीच गेलं नाही.

आणि मग तो रविवार. तू ओट्याशी उभी होतीस, कढई तापली होती. तू डोक्याला हात लावलास आणि म्हणालीस, "आई, माझ्या डोक्यात कुणीतरी दार आपटल्यासारखं झालं." मी म्हटलं, "बस जरा." तू म्हणालीस, "गॅस बारीक करा." मी गॅस बारीक केला. वळले तोवर तू खाली होतीस. ते तुझं शेवटचं बोलणं, हर्षला. गॅस बारीक करा. मी पुन्हा पुन्हा त्या तीन शब्दांत काहीतरी शोधते आणि त्यात काही नाही. तू मला सांगितलंस आणि मी केलं, एवढंच. मुलुंडच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. जन्मापासून तिथे नाजूक जागा असणार, कुणाला कळण्यासारखं नव्हतं. दोन दिवस यंत्राने तुझा श्वास चालू होता. मी बाहेर बाकावर बसून खोकत होते. माझी छाती गेली पंधरा वर्षं डॉक्टरांना घाबरवतेय, आणि मी बसलेय. तू आत.

मला राग येतो. कुणावर ते कळत नाही, म्हणून तुझ्यावरच काढते. या घरातून आधी कोण जाणार याबद्दल कुणाच्या मनात कधी शंका नव्हती. माझी औषधं तू लावून ठेवायचीस, माझा श्वासाचा पंप तू धुवायचीस. मी तुला तांदूळ निवडायला शिकवलेलं, लोणचं शिकवलेलं, म्हणजे मी गेल्यावर अडायला नको. हे सगळं मी कुणासाठी केलं?

तुझ्या फोटोपुढे पहिल्या दिवशी मी धूप लावला. तू घरात धूप लावू द्यायची नाहीस, माझ्या छातीसाठी. मला वाटलं, आता कोण बोलणार आहे? निखिल उठला, दोन बोटांनी तो विझवला आणि म्हणाला, "हर्षला ओरडेल." बोलून गेला आणि तसाच उभा राहिला, बोटं भाजलेली. मी नुसतं फूल वाहिलं.

बाराव्याला तुझे सर आले होते. थकलेले दिसले, वाटले होते त्यापेक्षा म्हातारे. निखिलजवळ बसले, मग माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडमच्या पेशी छान चालल्यात. बाटल्या भरून वाढताहेत." मला वाटलं, काय बोलतोय हा माणूस? माझं पोर राखेत गेलं आणि पेशी छान चालल्यात! त्यांनाही ते जाणवलं असावं. त्यांनी चष्मा काढला आणि मग जे बोलले, त्यासाठीच मी हे लिहितेय.

"आई, एक गोष्ट त्यांना मी कधी बोललो नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून मी थांबलो. केबिनमध्ये येऊन सांगितलं असतं ना, तर मी त्यांना गप्प बसवलं असतं. लेबलं छापून झाली होती. मी स्वतःला ओळखतो."

मी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर मी आत जाऊन बसले.

हर्षला, तू बरोबर होतीस. इतकी वर्षं मटार सोलत तू "नाही हं" म्हणत होतीस, ते बरोबर होतं. हे मला आता तुला सांगायचंय, आणि तू वर बघून "बघा, म्हणत नव्हते?" म्हणायला हवीस. मला किती राग आला असता. मी दोन दिवस तोंड फुगवलं असतं. भांडण असं एकटीने हरण्यात काही अर्थ नाही गं.

तुझी आई बाराव्यानंतर वेसाव्याला गेली, ती फोन उचलेना. निखिल म्हणाला, "आई, तुला एवढं झेपणार नाही, मी रविवारी जातो." मी ऐकलं नाही. पंप पिशवीत टाकला, घाटकोपरहून मेट्रो धरली. मरोळ नाका आलं, दारं उघडली. तुझ्याच वयाच्या मुली गळ्यात ओळखपत्रं घालून उतरल्या. मी मान खाली घालून बसले, पुढचं स्टेशन येईपर्यंत.

तुझी आई दारातच बसली होती. पाट्या पालथ्या, सुरी कोरडी. तू गेल्यापासून ती बाजारात बसलेली नव्हती. मला बघून उठली नाही. "ये गो मास्तरीण," म्हणाली फक्त. मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. मग तिने विचारलं,

"मना एक सांग. माजी पोर करायची काय गो? मी कवा धड इचारलंच नाय. ती सांगाया बसली का मना झोप यायची. बाराव्याला सगली माना हलवत व्हती, मी पन हलवली."

तेव्हा मी तिला शिकवलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात कठीण तास असेल. उंदरापासून सुरुवात केली, मग पेशी, मग कफ. साखरेच्या तुऱ्याशी आल्यावर ती म्हणाली, "थांब. म्हंजे पयली बाटली तुज्यावर चाललेली, माज्यावर नाय?"

"हो."

"आनि दुसरी?"

"दुसरी दोघींवर."

तिने पदराने तोंड पुसलं. "मंग ती घरी येऊन सांगत का नाय व्हती असं, सोपं?"

"सांगत होती," मी म्हटलं. "मलाही उशिराच कळलं."

संध्याकाळी निघाले तर तिने माझी पिशवी धरून ठेवली. "र्‍हा आज. सकाली बाजारात बसाया पायजे, नाय तर जागा जाईल. एकटी बसवणार नाय मना." मी राहिले.

सकाळी आम्ही बाजारात बसलो, हर्षला. ती पाटावर, मी तिच्या बाजूला प्लास्टिकच्या स्टुलावर, नाकाला पदर लावून. बोंबील होते, थोडी कोलंबी होती. तिची पहिली गिऱ्हाईकं आली, भाव झाला, सुरी चालायला लागली. मला बरं वाटलं. मग एक बाई आल्या, नेहमीच्या असाव्यात, पिशवी उघडत म्हणाल्या, "मावशी, इतके दिवस दिसला नाहीत! लेकीकडे राहायला गेला होतात ना? कशी आहे हर्षला?"

तुझ्या आईची सुरी थांबली. मान खालीच. ती हे बोलू शकणार नाही हे मला दिसत होतं, आणि त्या बाई हसऱ्या तोंडाने उत्तराची वाट बघत उभ्या होत्या.

मी म्हटलं, "आमची हर्षला गेली."

इतके दिवस लोक मला ते सांगत होते आणि मी ऐकत होते. इस्पितळात ऐकलं, फोनवर ऐकलं, बाराव्याला ऐकलं. माझ्या तोंडून ते पहिल्यांदा निघालं ते तिथे, माशांच्या बाजारात, एका अनोळखी बाईसमोर. त्या बाईंनी पिशवी खाली ठेवली. तुझी आई रडली नाही. तिने ओला हात, खवल्यांसकट, माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.